तापी ते नर्मदा: दवाखान्याचं अंतर

नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयापासून धडगावला जायचं तर आधी तापी ओलांडायची आणि मग सातपुडा चढायचा. जवळचा रस्ता तळोद्याहून चांदसैली घाटाने जातो. तो बंद असला तर शहाद्याकडून किंवा अक्कलकुवा-मोलगीकडून वळसा घ्यायचा. सप्टेंबर २०२१ मध्ये या चांदसैली घाटात दरड कोसळली आणि रस्ता अडला. चांदसैलीच्याच एका माणसाने आजारी बायकोला खांद्यावर घेतलं आणि दवाखान्याच्या दिशेने चालायला सुरुवात केली. ती वाटेतच गेली. राज्यभर बातमी झाली, हळहळ झाली.

त्या बातमीतली एक गोष्ट मात्र फारशी कुणी लक्षात घेतली नाही. चांदसैली हे घाटरस्त्यावरचं गाव आहे. तिथे डांबर आहे, गाड्या येतात-जातात. अक्राणी (म्हणजे धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांतले कितीतरी पाडे असे आहेत, की तिथल्या माणसाला चांदसैलीसारख्या ठिकाणी पोचायलाच आधी दोन-तीन डोंगर उतरावे-चढावे लागतात. दरड रस्त्यावर कोसळते. ज्यांच्याकडे रस्ताच नाही त्यांच्या वाटेवर बातमी होण्यासारखं काही कोसळत नाही.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत-बाहेर, त्यात शंभरातले जवळपास सत्तर आदिवासी: भिल्ल, पावरा, मावची, कोकणी. तालुके सहा. नंदुरबार आणि नवापूर तापीच्या दक्षिणेला. शहादा आणि तळोदा उत्तरेला, पण त्यांचा बराच भाग तापीकाठच्या काळ्या मातीचा, केळी-पपई-उसाचा. उरलेले अक्कलकुवा आणि अक्राणी म्हणजे खरा सातपुडा, आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर नर्मदा. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी याच जिल्ह्यात दिलं गेलं, टेंभलीत. टेंभली शहादा तालुक्यात, सपाटीवर. त्यात कुणाचा दोष नाही. कार्यक्रमाला पंतप्रधानांना आणायचं तर गाव गाडी जाईल असंच निवडणार. पण जिल्ह्यात येणारी बहुतेक प्रत्येक सोय आधी याच हिशेबाने जागा शोधते. २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, तेही जिल्ह्याच्या गावी, तापीच्या दक्षिणेला.

सरकारी आरोग्यसेवेचा आराखडा डोकी मोजून आखला जातो. सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी हा निकष सैल आहे: तीन हजारांमागे उपकेंद्र, वीस हजारांमागे प्राथमिक केंद्र. कागदावर ही सवलत बरी दिसते. पण खानदेशातल्या सपाटीवर तीन हजारांचं गाव एका पारावरून हाक मारली तर निम्मं गोळा होतं. सातपुड्यात गाव एकगठ्ठा वसत नाही. जो तो आपल्या शेताच्या उतारावर घर बांधतो. एका महसुली गावाचे पाच-सात पाडे, आणि दोन पाड्यांमध्ये ओढा, दरी किंवा एखादी धार. तिथे तीन हजार माणसं म्हणजे कित्येक टेकड्या. नर्स उपकेंद्रात बसली तर पाड्यावर पोचत नाही आणि पाड्यावर गेली तर उपकेंद्राला कुलूप. अलीकडच्या मार्गदर्शक सूचनांत अर्ध्या तासाच्या चालीत सेवा मिळावी असा विचार आला आहे, तो योग्य आहे. पण पदं अजून मुख्यतः डोक्यांच्या हिशेबानेच भरली जातात, आणि भरली जातातच असंही नाही.

अंतर वाढलं की दवाखान्यात जाणारे कमी होतात, हे कुणी सांगायची गरज नाही असं वाटेल. तरी ते पहिल्यांदा आकड्यांनिशी मांडलं गेलं १८५० च्या सुमारास, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये. एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने मनोरुग्णालयांतल्या नोंदी तपासल्या आणि दाखवलं, की रुग्णालय ज्या भागात असतं तिथलेच लोक त्याचा जास्त उपयोग करतात. लांब जावं तशी संख्या घटत जाते. लांबच्या गावांत वेडाचा आजार कमी होता असं नव्हे. लांबचे लोक आजार घरीच भोगत होते. म्हणून एखाद्या दुर्गम केंद्राच्या रजिस्टरात रुग्ण कमी दिसले तर 'इथे गरजच नाही' असा निष्कर्ष काढणाऱ्या अधिकाऱ्याला जार्व्हिस वाचायला द्यावा.

माता का मरतात याचा विचार याच अंगाने नव्याने झाला तो १९९४ मध्ये. कोलंबिया विद्यापीठातल्या सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन यांनी मातामृत्यूमागचे तीन उशीर वेगळे काढले: दवाखान्यात जायचं ठरवायला लागणारा उशीर, ठरवल्यावर पोचायला लागणारा उशीर आणि पोचल्यावर उपचार मिळायला लागणारा उशीर. वरवर पाहता अंतराचा संबंध फक्त दुसऱ्याशी. खरी मेख अशी, की ते पहिल्यातही असतं. रात्री कळा सुरू झाल्या, तर घरातली माणसं पोटाकडे बघतात तसंच आभाळाकडेही बघतात. चार गडी मिळतील का, नाल्याला पाणी किती, खाली पोचल्यावर गाडी असेल का, गाडी मिळून केंद्रावर गेलो तर डॉक्टर असेल का, आणि तिथून 'नंदुरबारला न्या' म्हणाले तर पुढचं भाडं कुठून आणायचं, शेळ्या-पोरं कुणावर टाकायची. एवढ्या प्रश्नांची उत्तरं नकारार्थी येत असतील तर 'बघू सकाळी' हा निर्णय शहाण्याचाच म्हणावा लागेल. 'आदिवासी अंधश्रद्धाळू, भगताकडे जातात, दवाखान्यात येत नाहीत' हे वाक्य तालुक्याच्या बैठकांत फार सहज येतं. भगत पाड्यावरच राहतो, रात्री-अपरात्री हाकेला येतो, पावरीत किंवा देहवालीत बोलतो आणि फीसाठी कोंबडीवर भागवतो. त्याची बरोबरी करायची तर आधी त्याच्याइतकं जवळ यायला हवं.

आता घड्याळ. डेबोरा मेन यांनी प्रसूतीतल्या वेगवेगळ्या संकटांत उपचार न मिळाल्यास मृत्यूपर्यंत साधारण किती वेळ मिळतो याचा अंदाज मांडला होता. जंतुसंसर्ग झाला तर सुमारे सहा दिवस. बाळ अडलं तर तीन दिवस. झटके आले तर दोन दिवस. गर्भाशय फाटलं तर एक दिवस. बाळंतपणाआधी रक्तस्राव झाला तर बारा तास. आणि बाळंतपणानंतर झाला तर दोन तास.

हे दोन तास कुठून येतात ते समजून घेतलं पाहिजे. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्ताचा पुरवठा असतो. बाळ आणि वार बाहेर पडल्यावर गर्भाशय मुठीसारखं आवळतं आणि त्याच्या स्नायूंच्या विळख्यात उघड्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. ते आवळलं नाही, सैल राहिलं, तर रक्त वाहतच राहतं. बाई धडधाकट असेल तर थोडा वेळ तग धरते. पण सातपुड्यातल्या अनेक बायांच्या अंगात मुळातच रक्त कमी. त्यात भिल्ल-पावरा समाजांत सिकलसेलचं प्रमाण बरंच. त्यांच्यासाठी दोन तासही पुरे मिळत नाहीत.

आणि झोळीला किती वेळ लागतो? मजबूत बांबू घ्यायचा, त्याला गोधडी किंवा जाड चादर दोन्ही टोकांना गच्च बांधायची, बाईला त्यात आडवं करायचं. आडवं म्हणजे गुडघे पोटाशी, कारण झोळीत सरळ झोपता येत नाही. पुढे एक गडी, मागे एक, शिवाय खांदा बदलायला दोघे-चौघे आणि बरोबर एखादी जाणती बाई. उतारावर पुढच्याच्या खांद्यावर सगळा भार येतो, चढावर मागच्याच्या. पायवाट एका माणसाच्या रुंदीची असते, त्यामुळे खांदा बदलायचा तर जागा बघूनच. ओढ्यात झोळी ओली होऊ नये म्हणून बांबू डोक्याच्या वर धरतात. कुणीतरी एक जण मोबाइल घेऊन आधीच पुढे धावलेला असतो, कारण रेंज ठरावीक टेकडीवरच येते आणि १०८ ला फोन तिथूनच लागतो. पेपरवाले आता याला 'बांबुलन्स' म्हणतात. विनोद म्हणून ठीक आहे, पण खांदेकऱ्यांना त्यात गंमत वाटत असेल असं मला वाटत नाही. १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने हजारो जीव वाचवले आहेत, यात वाद नाही. पण रुग्णवाहिका जिथे थांबते तिथून पुढची वाट या चादरीची आहे, आणि दोन तासांतला बराचसा वेळ तिथेच जातो.

त्यामुळे रक्तस्रावाच्या बाबतीत पोचण्यापेक्षा आधीपासून जवळ असणं जास्त महत्त्वाचं ठरतं. गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन उत्तम, पण ते थंड ठेवावं लागतं आणि टोचणारं माणूस लागतं. जिथे फ्रीज नाही, वीज बेभरवशाची आहे, तिथे मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात. त्या साध्या तापमानात टिकतात, तोंडाने घेता येतात. भारत सरकारने २०१३ मध्ये दुर्गम भागात घरी होणाऱ्या बाळंतपणांसाठी या गोळ्या आशा कार्यकर्तीमार्फत देण्याची मुभा दिली. 'गोळ्या दिल्या तर बाया दवाखान्यात येणारच नाहीत' असा आक्षेप तेव्हाही होता, आजही आहे. मला तो पटत नाही. ज्या बाईपाशी नदीला पूर आला म्हणून पर्यायच उरलेला नाही, तिच्याशी तत्त्वाचा वाद घालून काय साधणार?

नदीचा विषय निघालाच आहे, तर नर्मदाकाठचं वेगळं सांगायला हवं. सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातली तेहतीस गावं बुडिताखाली आली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली. पाण्याखाली पहिल्यांदा गेलं मणिबेली, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि २०१९ च्या पावसाळ्यात पाणी १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला टेकलं. शेतं गेली, घरं गेली, हे सर्वांना माहीत आहे. वाटाही गेल्या, हे कमी बोललं जातं. पूर्वी नदीकाठाने, कोरड्या नाल्याच्या पात्रातून एका गावाहून दुसऱ्या गावी जाता येत असे. आता त्या नाल्यांत सरोवराचे लांबलचक फाटे शिरले आहेत. समोरचा पाडा नजरेला दिसतो, पण जायचं तर बोटीने, नाहीतर सगळा डोंगर चढून वळसा घालून. पिंपळखुटा किंवा बिलगावचं आरोग्य केंद्र नकाशावर पूर्वीच्याच जागी आहे. त्याच्याकडे जाणारा माणूस मात्र लांब गेला. म्हणून या काठाला तरंगता दवाखाना आला, बोट-रुग्णवाहिका आल्या. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या भीतीने लोकांनी अंगणवाडीत यायचं बंद केलं, तेव्हा चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनी एका मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि स्वतः वल्ही मारत अलीघाट, दादर या पाड्यांवर जाऊन गरोदर बायांची आणि तान्ह्या बाळांची वजनं घेतली, आहार पोचवला. त्यांचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मात्र ज्या व्यवस्थेला मानधनावरच्या एका बाईची दंडाची ताकद गृहीत धरावी लागते, तिचंही मूल्यमापन त्याच बातमीत व्हायला हवं होतं.

आधीपासून जवळ असण्याचा दुसरा मार्ग म्हणजे बाईलाच दिवस भरायच्या आधी खाली आणणं. क्युबाने १९६२ मध्ये डोंगराळ भागातल्या गरोदर बायांसाठी रुग्णालयांच्या शेजारी राहण्याची घरं सुरू केली आणि ती पुढे देशभर पसरली. महाराष्ट्रात याच धर्तीवर २०१० च्या सुमारास आदिवासी जिल्ह्यांतल्या निवडक प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आलं. बाळंतपणाच्या चार-पाच दिवस आधी बाईने लहान मूल आणि एखाद्या नातेवाईक बाईसह तिथे येऊन राहायचं, जेवणाची सोय बचत गटाकडे. कल्पना उत्तम आहे. ती काही ठिकाणी चालली आणि काही ठिकाणी खोलीत कपाटं आणि मोडक्या खाटा रचल्या गेल्या. दरवेळी दोष कर्मचाऱ्यांचाच असतो असं नाही. एक तर तारीख. सातपुड्यात पाळी चुकल्याचा दिवस कॅलेंडरवरून क्वचित सांगितला जातो. 'होळीच्या पुढच्या बाजाराला' अशा खुणेवरून नर्सने गरोदरपणाच्या नोंदींच्या ममता कार्डावर तारीख काढायची. ती पंधरा दिवस इकडेतिकडे झाली की चार-पाच दिवसांच्या मुक्कामाचं गणित कोलमडतं. दुसरं, घरची कामं. पेरणीच्या दिवसांत घरातली बाई आणि तिच्या सोबतीला दुसरी बाई, असे चार हात आठवडाभर बाजूला काढणं म्हणजे जवळपास एक हंगाम गमावणं. जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण बाईला दवाखान्यातल्या बाळंतपणाचे ७०० रुपये मिळतात, आदिवासी भागातल्या मातृत्व अनुदान योजनेतून ४०० रुपये रोख आणि ४०० रुपयांची औषधं. या रकमा कधी ठरल्या आणि मजुरीचे दर त्यानंतर किती वाढले, याचा हिशेब वाचकाने करून पाहावा.

राज्याचे आकडे मात्र छान आहेत. महाराष्ट्रात शंभरातली जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात, आणि २०१८-२० च्या पाहणीत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३, केरळखालोखाल देशात सर्वांत कमी. ही नमुना-पाहणी असल्यामुळे ती जिल्ह्याचा आकडा देत नाही. पुण्यातली बाळंतीण आणि तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरची बाळंतीण यांची सरासरी काढली की पाडा दिसेनासा होतो.

आतापर्यंत ज्या अंतराबद्दल बोललो ते एकदाच कापायचं अंतर आहे. अवघड आहे, अवेळी येतं, पण एकदा पार पडलं की संपलं. एचआयव्हीचं अंतर वेगळ्या जातीचं आहे. तिथे घाई नसते. दोन तासांत कुणी मरत नाही. तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं, जन्मभर, आणि नेमकं बरं वाटत असतानाही.

गरोदरपणात प्रत्येक बाईची एचआयव्ही चाचणी व्हावी असं धोरण आहे आणि पहिली पायरी आता खरोखर पाड्यापर्यंत आली आहे. आरोग्यसेविका बोटाला सुई टोचते, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकते, काही मिनिटांत रेघ दिसते. एकच रेघ आली तर विषय संपला. दोन आल्या तर तो निकाल नसतो, फक्त शंका असते. निकालासाठी बाईला ग्रामीण रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जावं लागतं, तिथे तीन वेगवेगळ्या चाचण्या होतात, समुपदेशक बोलतो. तिथून पुढे एआरटी (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराचं) केंद्र, जिल्ह्याच्या गावी; नोंदणी, तपासण्या, औषध सुरू. पुढची औषधं तालुक्याजवळच्या लिंक केंद्रातून मिळावीत अशी रचना आहे. प्रत्येक पायरीवर काही बाया गळतात. अक्राणीच्या एखाद्या पाड्यावरून नंदुरबारला जाऊन यायचं तर एक दिवस पुरत नाही, रात्री कुठे थांबायचं हा प्रश्न वेगळाच. आणि घरी काय सांगून निघायचं?

औषधाचा फायदा एवढा मोठा आहे की ही गळती जिवाला लागावी. काहीच केलं नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पंधरा ते पंचेचाळीस. आईला गरोदरपणापासून औषधं मिळाली आणि बाळालाही जन्मल्यावर नेव्हिरपीनचं पातळ औषध दिलं तर ते पाचाच्या खाली येतं. भारतात मोफत एआरटी १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली, आठ सरकारी रुग्णालयांत. त्या वेळी महाराष्ट्रातल्या रुग्णाने मुंबई गाठायची असा प्रकार होता. पुढे केंद्रं वाढली. जानेवारी २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला आजन्म औषध देण्याचं धोरण आलं, तिच्या रक्तातल्या रोगप्रतिकारक पेशींचा आकडा किती याची वाट न बघता. दिसायला हा वैद्यकीय निर्णय, पण त्याने अंतरही कापलं: आकडा तपासायला नमुना पाठवा, निकालासाठी पुन्हा या, मग ठरवू, या दोन-तीन फेऱ्या गेल्या. २०१७ मध्ये हाच नियम सर्व रुग्णांना लागू झाला. तब्येत स्थिर असलेल्याला दोन-तीन महिन्यांची औषधं एकदम द्यायची पद्धत करोनाच्या काळात रुळली. वर्षाच्या बारा फेऱ्यांच्या चार-सहा झाल्या. कुठलाही रस्ता न बांधता.

पण इथे एक उलटी गोष्ट घडते, आणि अंतराचा सरळसोट विचार करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते. बाळंतपणासाठी दवाखाना जितका जवळ तितका चांगला. एचआयव्हीसाठी जवळचा दवाखाना अनेकांना नको असतो. ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीत बाजाराच्या दिवशी अर्धा तालुका भेटतो. कुठल्या खोलीसमोर कोण बसलंय हे संध्याकाळपर्यंत पाड्यावर पोचतं. म्हणून शहाद्याचा माणूस धुळ्याला जातो, नवापूरचा सुरतेला. पैसा आणि दिवस घालवून तो स्वतःहून अंतर विकत घेतो. राज्याने एचआयव्ही असलेल्यांना एसटीच्या प्रवासात सवलत दिली, हेतू चांगलाच. पण सवलत मिळवायची तर कंडक्टरला काहीतरी दाखवावं लागतं, आणि धडगावच्या गाडीतला कंडक्टर बहुधा ओळखीचा असतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं त्याने बंधनकारक केलं. कायदा रजिस्टरावर चालतो. ओसरीवर त्याची सत्ता नाही.

गरोदर आणि एचआयव्ही असलेल्या बाईच्या वाट्याला दोन्ही जातींची अंतरं एकदम येतात, आणि त्यांची दिशा एकमेकांच्या विरुद्ध असते. कळांसाठी तिला जवळ राहायचं असतं, गोळ्यांसाठी लांब जायचं असतं. माहेरघरात आठवडाभर दुसऱ्या बायांबरोबर राहायचं तर रोजची गोळी कुठे लपवायची? अशा बाईला 'तुम्ही दवाखान्यात का येत नाही' असं विचारणाऱ्याने आधी हा प्रश्न सोडवून दाखवावा. आशाताई इथे सगळ्यात जवळची, आणि म्हणूनच कधी कधी सगळ्यात नकोशी, कारण ती त्याच पाड्यावरची सून असते.

आणखी एक अंतर आहे, ते स्थिर नाही, हलतं. दिवाळीनंतर सातपुड्यातली कुटुंबं मजुरीला उतरतात: बारडोली, सुरत, सौराष्ट्र, ऊसतोड, बांधकाम. गरोदर बाई मागे राहत नाही. कोयत्याला जोडी लागते. पाचव्या महिन्यात पाड्यावर नोंद झालेली बाई आठव्या महिन्यात गुजरातेत उसाच्या फडावर असते. ममता कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत तळाशी. तिथली नर्स गुजरातीत विचारते, कार्ड मराठीत, बाई देहवालीत उत्तर देते. एचआयव्हीचं औषध देशातल्या कुठल्याही एआरटी केंद्रावर मिळू शकतं, बदलीचा कागद असेल तर. तो कागद घ्यायला निघण्याआधी जिल्ह्याच्या गावी एक फेरी. मुकादम फेरीसाठी थांबत नाही.

बाळाच्या तपासणीतही हेच. एचआयव्ही असलेल्या आईच्या बाळाच्या रक्तात आईचीच प्रतिद्रव्यं दीड वर्षापर्यंत फिरत असतात, म्हणून साधी पट्टी त्याच्याबाबत निरुपयोगी. सहाव्या आठवड्यात टाच टोचून रक्ताचे थेंब गाळण-कागदावर छापलेल्या गोलांत टिपतात, कागद वाळवतात, पाकिटात घालून प्रयोगशाळेकडे पाठवतात. ना बर्फ, ना थंड पेटी. कागदावर रक्त वाळवण्याची ही युक्ती साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्रींनी नवजात बाळांच्या एका वेगळ्याच आजारासाठी लोकप्रिय केली होती. सातपुड्यासाठी तिच्याइतकं सोयीचं तंत्र दुसरं नाही, कारण रक्त टपालाने जाऊ शकतं. मात्र निकाल परत यायला आई जागेवर हवी. सहा आठवडे, सहा महिने, बारा महिने, शेवटी अठरा महिने. या चारांतली एकदोन तरी फडावरच्या महिन्यांत पडतात.

सपाटीवरचं आरोग्य खातं महिन्यांवर चालतं, आर्थिक वर्षावर चालतं. मार्चमध्ये निधी संपवायचा, एप्रिलमध्ये नवं लक्ष्य. सातपुड्याचं वर्ष होळीवर फिरतं. भोंगऱ्या बाजार, मग होळ्या, काठी गावच्या होळीला तर लांबलांबहून माणसं येतात. फडावरची कुटुंबंही त्या सुमारास घरी परततात, कुणी कायमची, कुणी चार दिवसांसाठी. वर्षातला हाच काळ असा, की पाड्यावरची बाई, तिचा नवरा, तान्हं बाळ आणि ट्रंकेतलं कार्ड हे सगळं एका ठिकाणी सापडतं. गाळण-कागदावरची तपासणी, तीन महिन्यांची औषधं, पुढच्या स्थलांतरासाठीचा बदलीचा कागद, गरोदर बायांची रक्ततपासणी, हे सगळं या पंधरवड्यात बाजाराच्या गावी लावता येईल. आणि गर्दीत एखादी बाई कुठल्या तंबूत शिरली याकडे कुणाचं लक्ष जात नाही. अडचण एकच: तो पंधरवडा नेमका मार्चअखेरच्या हिशेबांचा असतो.